नाव बनारसचे, वेल कोणाची?

एप्रिल 2023 मध्ये वाराणसी परिसरातील चार उत्पादनांना भौगोलिक मानांकन मिळाले. बनारसी लंगडा आंबा, रामनगरचे भांटा वांगे, शेजारच्या चंदौलीचा आदमचिनी तांदूळ आणि बनारसी पान. यांपैकी पहिल्या तिघांची ओळख ते ज्या जमिनीत पिकतात तिच्याशी बांधलेली आहे. चौथ्याचे प्रकरण निराळे आहे. बनारसी पान म्हणून जे जगभर ओळखले जाते, त्याची वेल बनारसच्या वेशीत क्वचितच दृष्टीस पडते. तेथील बाजारात येणाऱ्या पानांचा मोठा भाग बिहारच्या मगध प्रदेशातून, म्हणजे नवादा, नालंदा, गया व औरंगाबाद या जिल्ह्यांतून येतो (हे औरंगाबाद बिहारमधील, मराठवाड्यातील नव्हे). जगन्नाथी नावाने विकले जाणारे पान ओडिशातून येते, काही माल बंगालमधून येतो. गंगाकाठच्या या नगरीला जे नाव मिळाले, त्यामागे शेकडो कोस दूरच्या शेतकऱ्याचे कष्ट आहेत.

हा मानांकनाचा दोष आहे, असे म्हणता येणार नाही. 1999 च्या भौगोलिक निर्देशन कायद्यानुसार तयार मालाच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा सिद्धता यांपैकी एक क्रिया संबंधित प्रदेशात होत असली तरी ते पुरेसे असते. आणि बनारसची प्रक्रिया खरोखरच असामान्य आहे. शहरातील पान दरीबा या भागात पानांचा घाऊक व्यापार चालतो. तेथे दोनशे पानांची एक ढोली या हिशेबाने माल हातोहात फिरतो. शेतातून आलेले हिरवे पान तेथे लगेच विड्यात जात नाही. ते आधी ‘पिकवले’ जाते. पाने टोपल्यांत दाटीने रचून बंद खोलीत ठेवतात, कोळशाच्या शेगडीने खोली उबदार करतात, काही तासांनी टोपल्या बाहेर काढून पाने उलटीपालटी करतात, कुजलेली वेगळी काढतात, पुन्हा आत ठेवतात. असे अनेकदा केल्यावर पानातील हिरवा रंग निघून जातो व ते फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरे होते. तिखटपणा उतरतो, तंतू मऊ पडतो, पान जिभेवर विरघळते. शिवाय हिरव्या पानापेक्षा ते अधिक दिवस टिकते. ऊब थोडी जास्त झाली तर सारी टोपली काळी पडते आणि थोडी कमी झाली तर पान हिरवेच राहते. हे ज्ञान पुस्तकात नाही, काही कुटुंबांच्या हातात आहे. त्याचे संरक्षण होणे योग्यच आहे.

तथापि प्रश्न तेथे संपत नाही. मगही पानाला स्वतःचे भौगोलिक मानांकन 2018 मध्येच मिळाले आहे. म्हणजे एकाच पानाला वेलीवर असताना एक मान आणि शेगडीच्या उबेतून बाहेर आल्यावर दुसरा मान. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात मगधचा शेतकरी हिरवे पान घेऊन दूरच्या बाजारात जातो, तेथे आडत्या जो भाव सांगेल तो घेतो व परततो. पानाची किंमत वाढते ती त्यानंतर. पानाच्या भावात वेल जगवण्याचा खर्च धरला जात नसेल, तर वेल जगवणारा एक दिवस ती सोडून देतो. ती सुटली की काय हरपते, याचा अंदाज पान खाणाऱ्याला नसतो आणि दुर्दैवाने कृषी नियोजन करणाऱ्यालाही बहुधा नसतो. तो येण्यासाठी ही वेल मुळात कोण आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

नागवेल ही मिरीवर्गीय वेल. काळी मिरी, पिंपळी आणि नागवेल या सख्ख्या बहिणी, तिघींचे शास्त्रीय कुलनाम पायपर. लिनियसने 1753 मध्ये तिला पायपर बीटल हे नाव दिले. त्यातील दुसरा शब्द मल्याळम ‘वेट्टिला’वरून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला. तिचे मूळ घर मलाया द्वीपकल्प व त्याच्या आसपासच्या बेटांवरील सखल सदाहरित वने मानले जाते. त्या वनात वर्षभर पाऊस असतो, जमिनीवर पालापाचोळ्याचा ओला थर असतो आणि सूर्यप्रकाश झाडांच्या छतातून गाळून खाली येतो. तेथे उन्हाळा म्हणजे लू नव्हे आणि हिवाळा म्हणजे दव गोठणे नव्हे. वेल झाडाच्या बुंध्याला पेरापेरांतून फुटलेल्या मुळांनी चिकटते आणि प्रकाशाच्या दिशेने चढते. भारतात ती आपसूक रानात वाढलेली सहसा दिसत नाही. माणसाने लावली, जपली तेथेच ती आहे. लागवडीखालील पिकांमध्ये अशी परावलंबी पिके थोडी आहेत.

मगध किंवा बुंदेलखंडाच्या शेतकऱ्याने जे केले त्याचे आश्चर्य येथे कळते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो आणि जानेवारीत तो एक आकडी होतो, तेथे त्याने बांबू, सरपत, गवत व काड्या यांचे एक बुटके घर उभारले. त्याला बरेजा म्हणतात. छत गवताचे, भिंती गवताच्या, आत माणूस वाकून चालेल एवढीच उंची. प्रकाश गाळून येतो, वारा अडतो, दमटपणा टिकतो. वाफ्यात मातीची भर दरवर्षी पडते, पाणी थोडे पण वारंवार द्यावे लागते. पूर्वी ते खांद्यावर मडके घेऊन हाताने शिंपडले जाई आणि काही ठिकाणी अजूनही तसेच दिले जाते. बरेजा म्हणजे गवताने उभे केलेले पर्जन्यवन होय. आज हरितगृहाचे तंत्र परदेशातून आले असे मानणाऱ्या कृषी पदवीधरांनी एकदा बरेजात डोकावून पाहावे.

बरेजात चपला घालून जायचे नाही, हातपाय धुऊनच आत शिरायचे, ही चौरसिया, बरई, तांबोळी या समाजांतील जुनी रीत. बंगालमधील बारुई समाजातही ती आहे. नागपंचमीला वेलीची पूजा होते. बाहेरच्याला ही केवळ श्रद्धा वाटते. परंतु पानवेलीचा सर्वांत मोठा शत्रू असलेला मूळकुज व पानसड रोग ज्या फायटोफ्थोरा बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो, तो ओल्या मातीतून, पाण्यातून आणि चिखलाने भरलेल्या तळव्यांतून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जातो. ज्याने ही रीत घालून दिली त्याला सूक्ष्मजीव ठाऊक नव्हता. त्याचा परिणाम मात्र त्याने नीट पाहिलेला होता. या रोगाचा शास्त्रीय अभ्यास मध्य भारतातही फार पूर्वी झाला. पुसा येथे एरंडीवरील फायटोफ्थोराचे 1913 मध्ये वर्णन करणारे जहांगीर फरदुनजी दस्तूर यांनी मध्य प्रांतातील पानवेलीच्या रोगांवर 1935 मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. जवळजवळ नव्वद वर्षे उलटली, तरी एखाद्या ओल्या पंधरवड्यात उभा मळा झोपतो, ही तक्रार आजही तशीच आहे.

ती तशीच राहण्याचे एक मोठे कारण वेलीच्या प्रजोत्पादनात आहे, आणि या लेखाचा गाभाही तेथेच आहे. नागवेलीत नर वेल वेगळी व मादी वेल वेगळी असते. भारतीय मळ्यांत फळ धरलेले क्वचितच दिसते आणि शेतकऱ्याला त्याची गरजही नसते, कारण लागवड कांड्यांपासून होते. चांगल्या वेलीच्या शेंड्याकडील तीन ते पाच पेरांची कांडी तोडून रोवली, की तीच वेल पुन्हा उभी राहते. अगदी तीच, सुताचाही फरक नाही. म्हणून मगही पानाची आजची वेल ही मगधातील पहिल्या मगही वेलीचेच न तुटलेले आयुष्य आहे. बियाणे साठवून ठेवण्याची सोय येथे नाही. गहू, ज्वारी, भात यांचे वाण शीतपेटीत दशकानुदशके राहू शकतात. पानवेलीचा वाण केवळ कोणाच्या तरी मळ्यात जिवंत असतो. शेवटचा मळा मोडला की वाण संपला, आणि तो पुन्हा निर्माण करणे कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य नाही.

संकराने नवे, रोगास दाद न देणारे वाण काढावेत, हा उपाय सहज सुचतो. मिरीच्या बाबतीत तो यशस्वी झाला. केरळातील पन्नियूर येथे दोन वाणांच्या संकरातून पन्नियूर-1 आला आणि देशभर पोहोचला. मिरीच्या संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतील पायपर कोलुब्रिनम ही रोगप्रतिकारक वनस्पती आणून तिच्यावर कलमेही बांधली. परंतु मिरीला घोस येतात, दाणे धरतात, बी रुजते. पानवेलीत संकर घडवणे हेच अवघड, आणि घडला तरी त्याच्या पानाला मगहीची चव येईल याची शाश्वती कोण देणार? पानवेलीत शेतकरी चव विकतो, वजन नव्हे. त्यामुळे जे वाण हाती आहेत तेच भांडवल होय, हे मान्य करून पुढे जावे लागते.

हे भांडवल किती विविध आहे, हे वाणांच्या नावांवरूनच दिसते. पानातील सुगंधी तेलाच्या प्रकारावरून देशातील वाणांचे पाच मोठे गट केले जातात. बंगला, देसावरी, कपुरी, मीठा आणि सांची. बंगला पानात लवंगेची आठवण करून देणारा युजेनॉल ठळक असतो, मीठा पानाला बडीशेपेचा गोडवा असतो, कपुरी सौम्य असते. या गटांच्या आत सिमुराली बंगला, हलीसहर सांची, महोबा देसावरी, रामटेक बंगला, वसानी कपुरी अशी नावे येतात. प्रत्येक नावात एक गाव बसले आहे. ज्या मातीने व ज्या हातांनी ती वेल घडवली, त्यांची ती सही होय. बनारसच्या नावाने मात्र ही सही झाकली गेली.

वाराणसीतच यावर तोडगा सुचवणारे एक उदाहरण आहे. शहराजवळ जखिनी येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. तेथे ज्या पिकांवर काम होते त्यांत परवल ही वेल आहे (महाराष्ट्रातील पडवळ ते हे नव्हे). परवलातही नर व मादी वेली निराळ्या असतात आणि तीही कांड्यांपासूनच लावली जाते. तिचे निरनिराळे वाण संशोधकांनी शेतोशेती फिरून गोळा केले, प्रक्षेत्रावर जिवंत ठेवले आणि त्यांतूनच काशी अलंकारसारखे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. पूर्व उत्तर प्रदेश व बिहारातील परवल उत्पादकाला बेणे कोठे मिळेल, याचे उत्तर आज संस्था देऊ शकते. पानवेलीला हा न्याय पूर्णपणे मिळालेला नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने वाणांचा अभ्यास केला, बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातील इस्लामपूर येथे पान संशोधन केंद्र आहे, महोब्यातही प्रयोग व प्रशिक्षणाची सोय आहे, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात औषधी व सुगंधी वनस्पतींच्या जोडीने पानवेलीला स्थान आहे. कामे झाली आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु पीक थोड्या गुंठ्यांचे, उत्पादक एका-दोन समाजांचे आणि माल विड्यात जाणारा. त्यामुळे नियोजनाच्या बैठकीत त्याचा क्रमांक नेहमी शेवटी लागतो.

महाराष्ट्रातील वाचकाने हे बनारसचे दुखणे म्हणून बाजूला ठेवू नये. रामटेकच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जीच्या परिसरात, मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांत पानमळ्यांची परंपरा जुनी आहे. अंजनगावकडे पानवेलीच्या जोडीने पानपिंपळीही घेतली जाते, म्हणजे एकाच कुळातील दोघी बहिणी एकाच मांडवाखाली नांदतात. पश्चिम महाराष्ट्रातील पानमळा बरेजाहून वेगळा असतो. तेथे गवताचे छत नसते. शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशी जलद वाढणारी झाडे दाट लावून त्यांच्यावर वेल चढवतात. सावलीही तीच, आधारही तोच. मूळ वनाशी हे साम्य बरेजापेक्षाही जवळचे आहे. वर्षातून एकदा होणारी ‘उतरण’ तर वनाचेच अनुकरण म्हणावे लागेल. वाढून उंच गेलेली, पाने लहान देऊ लागलेली वेल झाडावरून सोडवतात, तिचा खालचा भाग वेटोळे करून बुडाशी मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात व म्हातारी वेल तरुण होते. रानातही फांदी मोडली की वेल जमिनीवर पडते, मुळे धरते व पुन्हा चढते.

हे मळे आता का आक्रसत आहेत? कारणे सर्वांना माहीत आहेत. खुडणीला रोज कुशल हात लागतात, पान खुडताना देठाची लांबी चुकली तरी भाव पडतो, आणि हे कसब असलेली माणसे म्हातारी झाली. पुढच्या पिढीला वाकून काम करण्यापेक्षा दुसरे काही करावेसे वाटते व त्यात त्यांचा दोष नाही. ऊस आणि द्राक्षे यांच्यासमोर पानमळ्याचे पाणी व भांडवल टिकत नाही. पीकविम्याची यंत्रणा ठरावीक क्षेत्रावर अधिसूचित पिकांसाठी चालते. गावात चारदोन एकरांत विखुरलेल्या पिकाला ते निकष गाठणे कठीण जाते. त्यात थंडीची लाट आली की मगधात आणि अतिवृष्टी झाली की मिरजेत, मळ्याचे एका आठवड्यात होत्याचे नव्हते होते.

मागणी घटली, हेही एक कारण पुढे केले जाते. ते अर्धसत्य आहे. गुटख्याच्या पुडीने पानाची जागा घेतली, हे खरे. त्या पुडीत सुपारी होती, तंबाखू होती, रसायने होती. पान मात्र नव्हते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पानाची गेलेली गिऱ्हाइके परतली नाहीत. याच ठिकाणी विस्तार कार्यकर्त्याने एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली पाहिजे. तंबाखूयुक्त विडा तर कर्करोगकारक आहेच, पण तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. पानाचा प्रचार करताना सुपारी व तंबाखूवर पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पानवेलीचे भवितव्य विड्याच्या जुन्या सवयीवर टांगून ठेवण्याचे कारणही नाही. पूजेचे पान, लग्नकार्यातील पान, गुलकंद व बडीशेपेचा साधा विडा, पानाचे सरबत, पानातील सुगंधी तेल हे सर्व मार्ग खुले आहेत. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत वाया जाणाऱ्या पानांतून तेल काढण्याची साधी उपकरणे विकसित झाली. बाजारात न खपलेल्या, डागाळलेल्या पानांना त्यामुळे थोडी तरी किंमत येऊ शकते.

निर्यातीचे स्वप्न मात्र जपून पाहावे. पान धुऊन, न शिजवता, थेट तोंडात जाते. 2014 मध्ये युरोपीय संघाने बांगलादेशातून येणाऱ्या पानांवर साल्मोनेला जिवाणूंमुळे बंदी घातली आणि ती अनेक वर्षे टिकली. एका देशाचा संपूर्ण व्यापार पाणी स्वच्छ नसल्यामुळे बंद पडू शकतो, हा धडा लहान नाही. खुडलेली पाने ओढ्याच्या पाण्यात बुडवून ताजी ठेवण्याची सवय ज्या गावात असेल, तेथे आधी तिच्यावर बोलणे भाग आहे. औषधांचेही तसेच. मूळकुजीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद व एक किलो चुना शंभर लिटर पाण्यात, हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. परंतु ते बुडाशी ओतावे, खुडणीच्या पानावर त्याचा निळा थर बसू देऊ नये. पाणी साचू न देणे, गादीवाफा उंच ठेवणे, शेणखतातून ट्रायकोडर्मा देणे आणि मुख्य म्हणजे रोगी मळ्यातून बेणे न आणणे, एवढे केले तरी निम्मी लढाई जिंकता येते. शेजाऱ्याचा मळा बसला म्हणून स्वस्तात मिळालेले बेणे हे सर्वांत महाग बेणे असते.

मानांकनाकडे परत येता, त्याचा उपयोग उत्पादकाला व्हावा यासाठी दोन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. पहिली नोंदणीची. मानांकन मिळाले म्हणजे गावातील प्रत्येकाला ते नाव आपोआप वापरता येते, असा गैरसमज सार्वत्रिक आहे. कायद्याने नोंदणीकृत मालक वेगळा आणि अधिकृत वापरकर्ता वेगळा. प्रत्येक उत्पादकाने वा त्यांच्या गटाने स्वतंत्र अर्ज करून अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. केरळातील तिरूर पानाला 2019 मध्ये मानांकन मिळाले, तमिळनाडू व कर्नाटकातील पानांनाही ते मिळाले आहे. मानांकनांची संख्या वाढते आहे. वापरकर्त्यांच्या नोंदी त्या वेगाने वाढल्या नाहीत, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि व्यापारी नाव वापरत राहतील. बनारसच्या बाबतीत आणखी एक पाऊल शक्य आहे. बनारसी पानाच्या वेष्टनावर ते कोणत्या प्रदेशातील वेलीचे आहे, हे लिहिणे बंधनकारक करावे. मगही, जगन्नाथी, देसावरी. आंब्याच्या पेटीवर देवगड लिहिले जाते, चहाच्या डब्यावर दार्जिलिंग लिहिले जाते, मग विड्याच्या पानाला जन्मगाव का नसावे? त्याने बनारसच्या कारागिराचे काहीच कमी होत नाही. उलट कोणत्या पानाला कशी ऊब लागते, हे त्याचेच कौशल्य ठळक होते.

दुसरी गोष्ट वाणांची, आणि ती अधिक निकडीची आहे, कारण नाव हरवले तर परत मिळवता येते, वेल मिळवता येत नाही. प्रत्येक पानपट्ट्यातील स्थानिक वाण किमान दोन वेगळ्या जागी जिवंत राहील, अशी व्यवस्था हवी. त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शेडनेटखाली काही वाफे, आणि जोडीला प्रत्येक तालुक्यात दोन-तीन राखणदार शेतकरी, एवढे पुरेल. राखणदार शेतकऱ्याला वाण जपण्याचे वार्षिक मानधन द्यावे. तो समाजासाठी जे करतो आहे त्याचे ते मोल असेल. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण जपणाऱ्या शेतकऱ्याचे योगदान तत्त्वतः मान्य केले आहे. ते पानमळ्याच्या बांधापर्यंत पोहोचवणे हे विस्तार यंत्रणेचे काम आहे.

हे काम उतरणीच्या हंगामात सर्वांत सोपे जाते. वेल झाडावरून खाली आलेली असते, शेंड्याकडील कांड्या हाताशी असतात, आणि मळ्यातील जाणते माणूस त्या दिवशी हमखास हजर असते. ग्रामसेवक, कृषी सहायक किंवा शेतकरी गटाचा एखादा तरुण त्या दिवशी वही घेऊन गेला, वेलीचे स्थानिक नाव, ती कोणाकडून व कोणत्या गावाहून आली, नर की मादी, पानाचा आकार, देठाचा रंग, चव, कोणता रोग तिला आधी धरतो, एवढे त्याने लिहून घेतले आणि निरोगी वेलीच्या दहा कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून जवळच्या प्रक्षेत्रावर पोहोचवल्या, तर त्या गावाची वेल किमान एका मळ्याच्या मरणातून वाचते.